पेटी नंबर एक

१

सारिकाच्या पुरणपोळ्या दुबईच्या बंदरात नापास झाल्या, हे ऐकून मला आधी बरं वाटलं. वाईट नंतर वाटलं, आणि तेही थोडंच. खोटं कशाला बोलू?

मी अनुपमा. राहते दौंडला, रेल्वे कॉलनीत. नवरा रेल्वेत आहे. मी सर्वेअर. परदेशी जाणारा माल वाटेत बिघडला, की विमा कंपनी मला पाठवते आणि चूक कुणाची ते मी लिहून देते. सारिका आणि मी शिरूरच्या शाळेत एका बाकावर होतो. दहावीला मी पहिली, ती सातवी. पुढं पृथ्वीराजचं स्थळ आधी मला आलं होतं. कांदेपोहे मी केले, त्यात मीठही बरोबर पडलं होतं, आणि दोन महिन्यांनी पत्रिका आली ती सारिकाच्या लग्नाची. आता ती कारेगावला साठ बायका घेऊन गोठवलेल्या पुरणपोळ्यांचा कारखाना चालवते. तिचे फोटो पेपरात येतात, आणि मी थर्मामीटर घेऊन लोकांच्या कंटेनरात डोकावत फिरते. जळणार नाही तर काय करणार!

गुरुवारी सकाळी तिचा फोन आला.

"अनु, लगेच ये गं. आमचा पहिलाच कंटेनर. उद्या दुपारी बाराला सगळा माल नष्ट करणारेत तिथं. पुढची ऑर्डरपण जाईल. साठ बाया हायेत माझ्याकडं, त्यांना काय सांगू?"

मी म्हटलं, नीट सांग. तिनं सांगितलं ते असं. गेल्या बुधवारी संध्याकाळी पाचला कंटेनरचं दार बंद करून सील लावलं. आतलं तापमान उणे अठरा. काल बुधवारी, आपल्या घड्याळानं बरोबर पाचला, दुबईत सील तोडलं. सील शाबूत होतं. दाराशीच पेटी नंबर एक होती, आणि तिच्यात तापमान टिपत राहणारं काडेपेटीएवढं यंत्र. त्याला सगळे लॉगर म्हणतात. त्या पेटीतल्या पोळ्या वितळून परत गोठलेल्या, एकमेकींना चिकटलेल्या. लॉगरचा आलेख बघितला तर पहिल्या तासानंतर पारा चढत चढत एकतीसपर्यंत गेलेला, सहाव्या तासानंतर तासाभरातच परत खाली आलेला. आलेखावर वेळ नव्हती, यंत्र सुरू झाल्यापासूनचे तास तेवढे होते.

"आणि काय म्हणाले ते?"

"म्हणाले, पेटीत एक काळं पडलेलं पानपण मिळालं. पान, अनु! माझ्या कारखान्यात बाया डोक्याला टोपी घालून येतात. पान येईल कुठनं?"

"सील शाबूत असताना आत एवढी उष्णता तरी कुठून आली?"

"दत्तानं केलंय. ड्रायव्हरनं. गार ठेवणारा जनरेटर बंद केला आन् डिझेल विकलं. हे आता पोलिसात निघालेत. तो तुमच्या दौंडचाच हाय, सकाळपासनं फोन उचलत न्हाई."

मी फोन ठेवला आणि दार वाजलं. उघडलं तर पायरीवर दत्ता उभा होता.

२

तिशीचा माणूस, पण तोंड पार उतरलेलं. आत यायलाच तयार होईना.

"ताई, मला आत टाकणारेत म्हणं. मालाचा सर्वे तुमीच करता, तुमच्या हातात हाय सगळं. बायको बाळंतपणाला आलीय माझी."

"आधी पाणी पी. वाटेत थांबला होतास का?"

"थांबलो व्हतो. शिक्रापुराजवळ, पाच तास. पुण्यातनं मोठ्या गाड्या सोडत न्हाईत तवा. पर जनरेटर चालू व्हता. पोरीची शपथ... म्हंजी जी व्हनार हाय तिची."

"मग बंद होता असं म्हणतंय कोण?"

"सर्जेरावआप्पा. त्यांनी बघितलं म्हणत्यात."

सर्जेराव म्हणजे दौंडातल्या जुन्या शीतगृहाचे मालक. ही दुबईची ऑर्डर आधी त्यांच्याकडं आली होती आणि त्यांच्या हातून निसटून सारिकाकडं गेली होती. ते मी मनात ठेवलं. दत्तानं मोबाईल काढून दोन फोटो दाखवले. ट्रान्सपोर्टवाल्यांचा नियमच होता, की निघताना आणि बंदराच्या गेटवर जनरेटरच्या मीटरचा फोटो पाठवायचा. निघताना मीटरवर दोन हजार दोनशे दहा तास. दुसऱ्या दिवशी दुपारी बाराला गेटवर दोन हजार दोनशे एकोणतीस. संध्याकाळी पाच ते दुपारी बारा, एकोणीस तास. मीटरही एकोणीसच तास पळालेला. जनरेटर एक मिनिटही बंद नव्हता.

"हे तू सारिकाताईंना दाखवलं नाहीस?"

"दाखवतो म्हणलं, तर पृथ्वीराजसायेब म्हणले पोलिसांना दाखव. म्हणून मग फोनच बंद केला."

मी गाडी काढली आणि आधी सर्जेरावांकडं गेले. पांढरे कपडे, बोटांत अंगठ्या. मी बसायच्या आधीच ते सुरू झाले.

"बायांच्या पोळ्या दुबईला! कशात काय आन् फाटक्यात पाय. मी तवाच म्हणलो व्हतो, ह्ये झेपणार न्हाई."

"आप्पा, जनरेटर बंद होता हे तुम्ही ऐकलंत की पाहिलंत?"

"गाडी उभी व्हती. आवाज आला न्हाई."

"तुमच्या गाडीच्या काचा?"

ते अंगठी फिरवत बसले. "बंद व्हत्या. एशी चालू व्हता."

मला त्यांचा राग यायला हवा होता. आला नाही. त्यांच्या जागी मी असते, तर मलाही जनरेटर बंदच दिसला असता.

तिथून निघताना शीतगृहाच्या दाराशी मी उभी राहिले आणि एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. ती खरं तर सकाळीच यायला हवी होती, पण मी सारिकाच्या फजितीवर खूश होण्यात गुंतले होते. कंटेनरचं यंत्र गार माल गार ठेवतं. तापलेला अख्खा कंटेनर, हजारो पेट्या, तो एकतीसवरून उणे अठरावर आणायला त्याला दिवसच्या दिवस लागतील. इथं तर एका तासात पारा उतरलेला. याचा अर्थ कंटेनर तापलाच नव्हता. तापली होती एकटी पेटी नंबर एक. आणि ती तर सील लावलेल्या दाराआड होती.

३

कारेगावच्या कारखान्यात शिरले तर सारिका ऑफिसात बसलेली, डोळे सुजलेले, तरी साडीची घडी मोडलेली नाही. तेही मला खुपलं. पृथ्वीराज पोलिसात जायच्या तयारीनं उभा होता. मी त्याला दत्ताचे फोटो दाखवले. तो खाली बसला.

"मग कुणी केलं?"

"तेच बघायचंय. दुपारपर्यंत कुणीही कुठंही जायचं नाही."

भिंतीवर मोठा फोटो होता, गेल्या बुधवारचा. कंटेनरला हार, नारळ फोडताना सारिका, बाजूला पृथ्वीराज, त्याचा धाकटा भाऊ विक्रम, सासूबाई विठाबाई आणि साठ बायका. मी तोंडं मोजली नाहीत, पण एक त्यात नव्हतं.

"वैष्णवी कुठं आहे यात?"

"ती आत होती. काम होतं," सारिका चटकन म्हणाली.

वैष्णवी म्हणजे विक्रमची बायको, सारिकाची धाकटी जाऊ. जावा जावा, उभा दावा म्हणतात तसं काही वरवर दिसत नव्हतं. पण अख्ख्या तालुक्याला माहीत होतं, की सारिकाला पोळी लाटता येत नाही. तिची पोळी तव्यावर फाटते. दुबईवाल्यांनी जी चाखून ऑर्डर दिली, ती पोळी वैष्णवीच्या हातची. पेटीवर मात्र छापलंय 'सारिका फ्रोझन फूड्स', आणि शेजारी सारिकाचाच हसरा फोटो.

वैष्णवी मला पुरणाच्या कढयांपाशी भेटली. हातानं पुरण दाबून बघत होती. मऊ बोलणारी बाई.

"पुरण शिकवलं कुणी?"

"आईनं. केडगावला असती. पहिली पोळी बाळकृष्णाला, मग माणसांना, असा तिचा नेम. आता अंथरुणाला खिळलीय."

"अलीकडं भेट झाली?"

"दिवाळीत गेले व्हते. नंतर कुठं जमतंय?" तिनं पुरणातून हात काढला नाही.

"कंटेनर गेला त्या दिवशी तुम्ही कुठं होतात?"

"हितंच. पुरण घालत व्हते."

मी ऑफिसात परत आले आणि त्या दिवसाचे कागद मागितले. एका अर्जावर सारिकाची सही होती. लॉगर सुरू केल्याची वेळ, संध्याकाळी पाच. नियमच तसा आहे, दार बंद करताना बटण दाबायचं. मी दुबईचा आलेख काढला आणि खालचे तास शेवटपर्यंत वाचले. बुधवार पाच ते बुधवार पाच. सात दिवस. एकशे अडुसष्ट तास व्हायला हवेत.

आलेखात एकशे शहात्तर तास होते. आठ तास जास्त. आणि त्या दिवशीच्या कामाच्या वहीत पुरण घातल्याची नोंदच नव्हती.

४

विठाबाईंनी जेवल्याशिवाय सोडलं नाही. घर कारखान्याच्या मागेच आहे. माझं कांदेपोह्यांचं प्रकरण त्यांना आठवत असणार, कारण त्या मला जरा जास्तच आग्रह करत होत्या. पंचवीस वर्षं उशीर झाला, मामी, असं तोंडावर आलं होतं. गिळलं.

त्यांनी ताट वाढलं, आधी देवाचं. भात, वरण, भाजी, पोळी, आणि वर तुळशीचं पान. पाणी फिरवलं, हात जोडले. मग तेच ताट उचलून आत नेलं, त्यातला भात भाताच्या पातेल्यात घातला, वरण वरणात, पोळी पोळ्यांच्या चवडीत.

मी लहानपणापासून बघत आले होते. माझी आईही असंच करते. देवाला दाखवलेलं परत सगळ्यात मिसळायचं, म्हणजे सगळंच अन्न प्रसाद होतं. त्या दिवशी मात्र माझा घास हातातच राहिला.

"काय झालं गं? खारट झालं का?" विठाबाईंनी विचारलं.

"नाही मामी. ही कैरी छान आहे. कुठली?"

"केडगावची. वैष्णवीच्या आईच्या दारचं झाड. गेल्या बुधवारी आणली तिनं, मी लगेच तक्कू घातला. कंटेनर गेला ना, त्याच दिवशी. दुपारी तीनला आली बिचारी, गाडीवरनं उन्हाची. तोंड लालभडक झालतं."

दिवाळीनंतर केडगावला न गेलेल्या बाईनं चैत्रातली कैरी कुठून आणली?

मी हात धुतला आणि म्हटलं, "मामी, दोन्ही सुनांना बोलवा. त्यांच्या नवऱ्यांना नको."

५

"आधी तू," मी सारिकाला म्हटलं. "लॉगर पाचला सुरू झाला नाही. सकाळी नऊला झाला. बटण कुणी दाबलं?"

तिनं सासूकडं पाहिलं, मग जमिनीकडं. "मीच. बटण दाबतानाचा फोटो काढायला फोटोवाला नऊलाच आला होता. नंतर मला संध्याकाळच्या नारळासाठी पार्लरला जायचं होतं. एक नंबरच्या पेटीत लॉगर ठेवला, पेटी चिकटवली, फ्रीझरला परत दिली. आठ तासांनी काय फरक पडतो?"

"मग पाचला दाबायला कुणाला तरी सांगायचंस. वैष्णवी होती की."

सारिका एकदम भडकली. "तिला सांगितलं असतं तर फोटो तिचा आला असता! पुरण तिचं, पोळी तिची, बायका तिला विचारून सगळं करतात, सासूबाई तिच्या हातचं खातात. मला काय येतं? बटण दाबता येतं. तेवढं तरी माझं असू दे म्हटलं."

वैष्णवी तिच्याकडं बघतच राहिली. आपला कुणी हेवा करू शकतं, हे तिच्या कधी स्वप्नातही आलं नसावं.

"आता मी सांगते," मी म्हटलं, "चुकलं तर थांबवा. नऊ वाजता लॉगर सुरू झाला. दहा वाजता पेटी नंबर एक कारखान्याबाहेर पडली आणि तापायला लागली. तीनला परत आली, झटपट गोठवणाऱ्या ब्लास्ट फ्रीझरला लावली, तासाभरात पारा खाली आला. पाचला ती सगळ्यात शेवटी, दाराशी, कंटेनरात चढली. दार मग दुबईतच उघडलं. म्हणजे वाटेत काहीच घडलं नाही. जे घडलं ते कंटेनर निघायच्या आधी. आणि पेटीत सापडलेलं पान कुठून उडून आलेलं नाही. तुळशीचं आहे. बाळकृष्णाच्या नैवेद्यावरचं."

वैष्णवी रडली नाही. पदराला हात पुसले आणि खाली बसली.

"मला काय ठावं, ह्यातच तळाला यंत्र हाय म्हणून," ती म्हणाली. "वहिनी म्हणल्या, नारळ मी फोडणार, तू आत थांब. बरं म्हणलं. पर आई पडून हाय. तिला वाटत व्हतं, आपल्या हातची पोळी समुद्रापल्याड चाललीय, तर पहिली बाळकृष्णाला दाखव. मग पहिलीच पेटी घेतली. दुसरी कशी नेऊ? एक पाकीट उघडलं, पान ठेवलं, आईच्या हातनं दाखवलं, परत चिकटवलं. आन् आणून ठेवली. सगळा कंटेनर प्रसाद व्हावा म्हणून."

"अगं, पण वितळलेला माल परत भरायचा नसतो, तुला माहीत नाही?" सारिका ओरडली.

"ठावं हाय. एक पेटी, वहिनी. पाच हजारांत एक." मग तिचाही आवाज चढला. "आन् खरं सांगू? परत ठेवायची नसती तर तिच्या जागी दुसरी ठेवली असती. पर मला पायजे व्हतं, की त्या कंटेनरात माझ्या हातची एक तरी गोष्ट तुम्हाला न विचारता जावी. तुमचा फोटो पाच हजार पेट्यांवर हाय. मला एक पायजे व्हती."

विठाबाई मध्ये पडल्या. "आता काय बी म्हणू नका एकमेकींना. अनुपमा, पोळ्या वाचतील का, ते सांग."

"वाचतील. बाकीच्या पेट्या उणे अठरालाच असणार. दुबईवाल्यांनी दाराजवळची एकच पेटी उघडलीय. मी लिहिते, मधल्या आणि तळाच्या उघडा म्हणून. बाराच्या आत बघतील."

मी लॅपटॉप उघडला. खरं सांगते, त्या घडीला सारिका माझ्या मुठीत होती. अर्जावर खोटी वेळ, खाली सही. मी नुसतं तेवढं एक वाक्य ठळक लिहिलं असतं, तर पेपरातला फोटो पुन्हा कधी आला नसता. पोह्यांची आठवण आली. दत्ताची बायकोही आठवली. बाहेर त्या साठ जणी डबे धूत होत्या, त्यांचा आवाज येत होता. खोट्या वेळेची चूक मी लिहिली, कारण ती खरंच घडली होती. पण जेवढी होती तेवढीच लिहिली.

"अनु," सारिका हळूच म्हणाली, "वैष्णवीचं नाव नको घालूस. कामगाराची चूक, असं लिही. घरातली बाई आहे."

मला तिचं कौतुक वाटलं, आणि तेही आवडलं नाही.

"न्हाई ताई," वैष्णवी म्हणाली. "लिवा. पुरं लिवा. वैष्णवी विक्रम ढमढेरे. कामगार नका लिवू."

"अगं, चूक म्हणून जाणार आहे ते," सारिका म्हणाली.

"जाऊ दे की. जाईल तर दुबईला."

मग मी दोनदा लिहिलं. एकदा कारणाच्या रकान्यात, पेटी कुणी नेली आणि का, नैवेद्य म्हणजे काय ते समजावून. दुसऱ्यांदा वरच्या रकान्यात, तो नेहमी मोकळाच सोडतात: माल तयार करणारी जबाबदार व्यक्ती. तिथंही वैष्णवी विक्रम ढमढेरे. सारिकानं ते वाचलं. सही केली.

शुक्रवारी साडेअकराला उत्तर आलं. चाळीस पेट्या उघडल्या, सगळ्या उणे अठरा, पोळ्या सुट्या, माल सोडतो आहोत. पेटी नंबर एक नष्ट. पृथ्वीराजनं दत्ताला फोन लावला आणि माफी मागितली, चांगली तीनदा. बायकांनी डबे वाजवले.

मेलमध्ये खाली आणखी एक ओळ होती. पुढच्या मालाच्या कागदांवर लॉगरची वेळ आणि मालाची हमी, दोन्हींखाली माल तयार करणाऱ्या व्यक्तीची सही हवी. मिसेस वैष्णवी ढमढेरे यांची.

सारिकानं ती ओळ मोठ्यानं वाचली. मग टेबलावरचं पेन उचललं, जरा वेळ हातातच धरलं आणि वैष्णवीपुढं ठेवलं. हसलीही. त्या हसण्यामागं काय होतं, ते तिथं फक्त मला कळलं. पंचवीस वर्षं झाली, मी रोज आरशात बघते.